वस्तू बाजारात येण्यापूर्वीचे एक पान

मराठी मासिकांच्या जुन्या वाचकाला 'प्रकाशनपूर्व सवलत' हे शब्द चांगले परिचयाचे आहेत. एखादा कोश किंवा समग्र वाङ्मयाची खंडमाला छापून होण्याआधीच तिची जाहिरात येते. ग्रंथाचे नाव, लेखकाचा परिचय, अंदाजे पृष्ठसंख्या, मूळ किंमत, सवलतीची किंमत, पैसे भरण्याची अखेरची तारीख, ग्रंथ हाती पडण्याची अपेक्षित तारीख आणि तळाशी कातरून पाठवावयाचे एक कुपन, एवढा तिचा ऐवज. या एका पानावर प्रकाशक दोन कामे साधतो. किती प्रती छापाव्यात याचा त्याला अदमास येतो आणि कागदाच्या खर्चाला थोडा हातभार लागतो. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी 'महाराष्ट्रीय ज्ञानकोशा'चे तेवीस खंड काढले, तेही मर्यादित कंपनी उभारून आणि वर्गणीदार मिळवून. हाती ग्रंथ नसताना ग्राहकाने विश्वास ठेवावा, यासाठी लागणारे लेखनकौशल्य आपल्या प्रकाशनव्यवहारात फार पूर्वीपासून आहे.

हेच काम आज मोबाइलच्या पडद्यावरील एका पानाकडे आले आहे. नवी वस्तू, नवे अ‍ॅप किंवा नवी सेवा सुरू होण्याआधी तिच्यासाठी एक स्वतंत्र पान तयार करतात. त्याला 'लँडिंग पेज' असे नाव आहे. जाहिरातीवरून, मित्राने पाठविलेल्या दुव्यावरून किंवा हस्तपत्रिकेवरील क्यूआर कोडवरून येणारा वाचक प्रथम जेथे उतरतो ते हे पान. वाणिज्य, संगणकशास्त्र आणि अभियांत्रिकी या शाखांचे कित्येक विद्यार्थी आज स्वतःचा लहानमोठा उद्योग सुरू करण्याच्या विचारात असतात, आणि त्यांच्या हातून तयार होणारी पहिली सार्वजनिक गोष्ट बहुधा हे पानच असते. ते कसे असावे, आणि त्याच्यावर काय लिहिण्याचा आपल्याला अधिकार आहे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

मुख्य पान आणि उतरण्याचे पान

एखाद्या संस्थेच्या संकेतस्थळाचे मुख्य पान आणि लँडिंग पेज यांत पुष्कळांचा घोटाळा होतो. मुख्य पान हे महाविद्यालयाच्या प्रवेशद्वारासारखे असते. आत आल्यावर कोणी कार्यालयाकडे वळतो, कोणी ग्रंथालयाकडे, कोणी सरळ कँटीनकडे. लँडिंग पेज हे प्रवेशअर्जाच्या खिडकीसारखे असते. तेथे एकच काम होते आणि रांगेत उभा असलेला प्रत्येकजण त्याच कामासाठी आलेला असतो. म्हणून या पानावर इतरत्र नेणारे दुवे, बातम्या, छायाचित्रांचे दालन, संस्थापकांचे मनोगत असे काही ठेवीत नाहीत. पानावर करण्यासारखी कृती एकच असावी, हा या विद्येतील पहिला नियम होय.

वस्तू बाजारात आलेली असेल तर ती कृती म्हणजे खरेदी. वस्तू यावयाची असेल तर काय मागावे? येथे विद्यार्थी घाई करतात. त्यांना वाटते की, पान म्हणजे आगामी वस्तूचा डंका. वास्तविक अशा पानाचे खरे काम लोकांना एक प्रश्न विचारण्याचे असते: 'आम्ही हे करणार आहो, तुम्हांला ते हवे आहे काय?' या प्रश्नाचे उत्तर भांडवल गुंतविण्याआधी मिळाले तर त्याची किंमत मोठी असते.

याचे एक लहानसे पण बोधप्रद उदाहरण इंग्लंडमधील आहे. २०१० साली जोएल गॅस्कॉइन या तरुणास, ट्विटरवरील मजकूर आधी लिहून ठेवून ठरलेल्या वेळी प्रसिद्ध करणारी सेवा काढावी असे वाटले. सेवा तयार करण्याआधी त्याने दोन पाने केली. पहिल्या पानावर सेवा काय करील हे सांगून 'योजना आणि दर' असे एक बटन ठेवले. ते दाबणाऱ्यास दुसऱ्या पानावर कळे की सेवा अजून तयार नाही. इच्छा असल्यास ई-मेल पत्ता देऊन ठेवावा. काही पत्ते आले. परंतु फुकट उत्सुकता आणि पैसे मोजण्याची तयारी यांत अंतर असते. म्हणून त्याने दोन पानांच्या मध्ये दरांचे एक तिसरे पान घातले: एक योजना विनामूल्य, दुसरी महिना ५ डॉलरांची, तिसरी २० डॉलरांची. थोड्या लोकांनी पैशांच्या योजनांवरही बोट ठेवले. तेवढ्या आधारावर त्याने काम सुरू केले आणि ३० नोव्हेंबर २०१० रोजी 'बफर' ही सेवा सुरू झाली. पैसे देणारा पहिला ग्राहक चार दिवसांच्या आत मिळाला. किंमत सांगितल्यावरही जो पुढे येतो त्याचीच नोंद खरी, हा यातील धडा.

पानाची अंगे

आता एक उदाहरण कल्पून पानाची रचना पाहू. समजा, आपल्या भागातील चार विद्यार्थ्यांनी शेतातील मोटरच्या स्टार्टरला जोडावयाचे एक लहान यंत्र तयार करण्याचे ठरविले आहे. शेताला थ्री फेज लाइट ठरावीक तासच मिळते, आणि पाळी रात्रीची असली की शेतकऱ्याला काळोखात मळ्यावर जावे लागते. या यंत्रात सिमकार्ड आहे. घरून फोन केला की मोटर सुरू होते, एखादा फेज गेला तर आपोआप बंद होते, आणि काय झाले ते यंत्र फोनवर मराठीत किंवा कन्नडात सांगते. अशा प्रकारची यंत्रे बाजारात आहेतच. दोन्ही भाषा बोलणे आणि किंमत कमी असणे एवढेच या यंत्राचे वेगळेपण. नमुना तयार आहे, पण शंभर यंत्रे करण्याइतके भांडवल नाही.

या विद्यार्थ्यांनी पानाचा मथळा पहिल्यांदा बहुधा असा लिहिला असता: 'जीएसएम तंत्रावर आधारित बहुभाषिक स्वयंचलित पंपनियंत्रक.' प्रकल्प-अहवालाला हा मथळा शोभतो. शेतकऱ्याला मात्र यातून स्वतःचे काही ओळखू येत नाही. त्याऐवजी, 'रात्रीची लाइट आली? मोटर घरूनच सुरू करा', असे लिहिले तर ज्याच्यासाठी यंत्र आहे तो थांबतो, आणि ज्याच्यासाठी नाही तो पुढे जातो. दोन्ही गोष्टी इष्टच आहेत. मथळ्याखाली एक-दोन वाक्यांत वस्तू काय करते ते सांगावे: 'फोन केला की मोटर सुरू. फेज गेला की आपोआप बंद. मराठीत व कन्नडात बोलणारे यंत्र.' पडदा वर न सरकवता एवढे दिसले पाहिजे.

दुसरे अंग चित्र. येथे परदेशातून उचललेला, पांढरे दात दाखवून हसणारा शेतकरी कामाचा नाही. यंत्र प्रत्यक्ष स्टार्टरच्या पेटीशेजारी बसविलेले दिसावे. त्याच्या आकाराचा अंदाज यावा. वस्तू सांगून समजण्यासारखी नसेल तर लहानशी चित्रफीत उपयोगी पडते. 'ड्रॉपबॉक्स' या सेवेचा इतिहास या बाबतीत प्रसिद्ध आहे. आपल्या फायली सर्व संगणकांवर आपोआप सारख्या ठेवणारी ही सेवा. ऐकणाऱ्याला त्यात काही नवे वाटत नसे, कारण तशा सेवा आधीही निघाल्या होत्या. ही नीट चालते एवढाच फरक होता, आणि तो शब्दांत पटविणे कठीण. तेव्हा संस्थापक ड्रू ह्यूस्टन याने सेवा चालताना दाखविणारी छोटी चित्रफीत तयार केली. मार्च २००८ मध्ये अशी एक चित्रफीत तंत्रज्ञानाच्या शौकिनांत पसरली तेव्हा चाचणीसाठी नाव नोंदविणाऱ्यांची यादी एका दिवसात ५,००० वरून ७५,००० वर गेली. सेवा सर्वांसाठी खुली झाली ती त्यानंतर सप्टेंबरमध्ये.

तिसरे अंग शंकानिरसन. पानाची लांबी किती असावी यावर वाद घालण्यापेक्षा, कुपन भरण्याआधी ग्राहकाच्या मनात कोणते प्रश्न येतात त्यांची यादी करावी आणि तेवढ्यांची उत्तरे द्यावीत. आपल्या उदाहरणात ते प्रश्न असे असतील: माझ्या जुन्या स्टार्टरला हे बसेल काय? मळ्यात मोबाइलची रेंज कमी असेल तर? सिमकार्डाला महिना किती खर्च येईल? बिघडले तर दुरुस्ती कोण करणार? किंमत किती? यांपैकी ज्याचे उत्तर 'होय' नाही तेही लिहावे. 'जेथे रेंज मुळीच नाही तेथे हे यंत्र चालणार नाही', या एका वाक्याने पानावरील बाकीच्या दहा वाक्यांना वजन येते.

चौथे अंग कुपन, म्हणजे नोंदणीचा तक्ता. यात जितक्या रिकाम्या जागा जास्त, तितके मध्येच सोडून जाणारे जास्त. नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, शिक्षण असे सारे विचारण्याचा मोह आपल्या सरकारी अर्जांवरून आपणांस जडला आहे. येथे मोबाइल क्रमांक आणि गाव एवढे पुरे. अमेरिकेतील पाने ई-मेल मागतात म्हणून आपणही मागावा असे नाही. शेतकरी ज्या मार्गाने उत्तर देतो तोच मार्ग घ्यावा. बटनावर 'सबमिट' किंवा 'पाठवा' लिहिण्यापेक्षा 'यंत्र तयार झाले की मला कळवा' असे लिहिले, तर बोट ठेवल्यावर काय होणार ते कळते.

पाचवे अंग आपली ओळख. हे करणारे कोण, कोठे भेटतील, कोणत्या क्रमांकावर बोलता येईल, एवढे तळाशी स्पष्ट असावे. ज्याची वस्तू अजून कोणी पाहिलेली नाही त्याचे नाव आणि पत्ता हीच त्याची पत असते.

सहावे अंग सहसा विसरले जाते. बटन दाबल्यावर येणारे आभाराचे पान ते. 'धन्यवाद' एवढाच शब्द वाचून ग्राहक गोंधळतो. पुढे काय होणार, साधारण कधी होणार, त्याआधी आपण किती वेळा कळविणार, हे तेथे सांगावे. याच पानावर मित्रांना कळविण्याची विनंतीही करता येते, कारण ग्राहक या क्षणी सर्वांत उत्सुक असतो. अमेरिकेतील 'हॅरीज' या दाढीच्या सामानाच्या कंपनीने २०१३ साली दुकान उघडण्याआधी असेच केले. नाव नोंदविणाऱ्यास स्वतःचा एक दुवा मिळे. त्यावरून पाच मित्र आले तर दाढीचे क्रीम, दहा आले तर दांडा व पाते, पन्नास आले तर वर्षभराची पाती फुकट. एका आठवड्यात सुमारे एक लाख पत्ते जमले आणि त्यांतील तीन-चतुर्थांशांहून अधिक मित्रांकरवी आलेले होते. बक्षीस रोख न ठेवता वस्तूच ठेवली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्याला दाढीचे सामान नको तो त्या बक्षिसासाठी धडपडत नाही. त्यामुळे यादीत भरताड कमी होते.

आणखी एक गोष्ट. आठवडी बाजारात वाटलेल्या पत्रकावर 'रात्रीची लाइट' असे शब्द असतील, तर क्यूआर कोडने उघडणाऱ्या पानाच्या मथळ्यातही तेच शब्द असावेत. पत्रकावर एक आणि पानावर दुसरे, असे झाले की आपण चुकीच्या दारात आलो असे समजून माणूस परत फिरतो.

लिपी, भाषा आणि वेग

पान सुंदर दिसले तरी वाचता आले नाही तर काय उपयोग? इंग्रजीसाठी केलेले नमुने घेऊन त्यांत आपला मजकूर ओतला की दोन अडचणी येतात. देवनागरीत वेलांट्या, मात्रा, अनुस्वार वर जातात आणि उकार, ऋकार खाली उतरतात. कन्नडात ओत्ताक्षरे ओळीखाली लोंबतात. इंग्रजीला पुरणारे ओळींमधील अंतर आपल्या लिप्यांना पुरत नाही, आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ओळीची उंची अक्षराच्या दीडपटीहून कमी ठेवू नये. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचे प्रमाण सामान्य मजकुरासाठी निदान ४.५ : १ असावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. फिकट करड्या अक्षरांची हौस उन्हात मोबाइल धरणाऱ्याला जाचते. मजकूर चित्रात कोरून घालू नये. तो शोधात सापडत नाही आणि अंधांसाठी पान वाचून दाखविणाऱ्या साधनांनाही कळत नाही.

दोन भाषा असतील तर एक ओळ मराठी, एक ओळ कन्नड अशी खिचडी करू नये. दोन पाने करावीत आणि माथ्यावर भाषा बदलण्याची सोय ठेवावी. कन्नड पान हे मराठी पानाचे शब्दशः भाषांतर नसावे. आपल्याच अंकाच्या कन्नड विभागात लिहिणारा एखादा मित्र बोलावून, 'तुझ्या काकांना हे तू कसे सांगशील?' असे विचारून ते नव्याने लिहून घ्यावे.

वेगाचे गणित साधे आहे. मोबाइलने काढलेले छायाचित्र सहज ४ मेगाबाइटचे असते. सेकंदाला एक मेगाबिट इतक्या संथ जोडणीवर ते उतरावयास सुमारे ३२ सेकंद लागतात. तेच चित्र लहान करून १५० किलोबाइटवर आणले तर सव्वा सेकंदात उतरते. पान उघडण्यास तीन सेकंदांपेक्षा अधिक वेळ लागला तर मोबाइलवरील ५३ टक्के भेटी अर्ध्यावर सोडल्या जातात, असे गूगलने २०१६ साली प्रसिद्ध केले होते. म्हणून पानाची परीक्षा महाविद्यालयाच्या वाय-फायवर घेऊ नये. ज्या गावी ते वाचले जाणार तेथे जाऊन, साध्या फोनवर घ्यावी.

मोजमाप

शंभर लोक पानावर आले आणि त्यांतील सहा जणांनी नोंद केली, तर नोंदणीचे प्रमाण सहा टक्के. हे प्रमाण वाढविण्यासाठी दोन वेगवेगळी रूपे तयार करून येणाऱ्यांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे आळीपाळीने दाखवितात आणि कोणते अधिक फळते ते पाहतात. याचे उत्तम उदाहरण बाजारातील नसून राजकारणातील आहे. डिसेंबर २००७ मध्ये बराक ओबामा यांच्या निवडणूक प्रचारासाठी समर्थकांचे ई-मेल पत्ते गोळा करणाऱ्या पानाची अशी परीक्षा झाली. बटनावरील चार मजकूर आणि वरच्या भागासाठी सहा चित्रे अथवा चित्रफिती, अशी २४ रूपे ३,१०,३८२ लोकांना दाखविण्यात आली. मूळ पानावर ८.२६ टक्के लोक नोंद करीत. ओबामांचे कौटुंबिक छायाचित्र आणि 'अधिक जाणून घ्या' हे बटन असलेले रूप ११.६ टक्क्यांवर गेले. प्रचारातील मंडळींची आवड मात्र एका चित्रफितीवर होती, आणि सर्वच चित्रफिती छायाचित्रांपेक्षा मागे पडल्या! ड्रॉपबॉक्सला तारणारी चित्रफीत येथे आड आली. वर सांगितलेले नियम हे आरंभबिंदू होत. निकाल वाचकाच्या हाती असतो.

तथापि, आकड्यांच्या बाबतीत संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांचा सल्ला विसरू नये. दोन रूपे प्रत्येकी शंभर जणांना दाखविली, एकावर पाच नोंदी झाल्या आणि दुसऱ्यावर आठ, तर त्यावरून दुसरे चांगले असे म्हणता येत नाही. एवढा फरक योगायोगानेही पडतो. पाच टक्के आणि आठ टक्के यांतील भेद भरवशाने ओळखण्यासाठी प्रत्येक रूप सुमारे एक हजार लोकांना दाखवावे लागते. आपल्या चार विद्यार्थ्यांकडे एवढे वाचक येणार नाहीत. त्यांच्यासाठी अधिक चांगला उपाय आहे: ज्यांनी नोंद केली त्यांतील दहा जणांना फोन करून, 'सध्या तुम्ही काय करता? हे किती रुपयांना घ्याल?' असे विचारावे. दहा शेतकऱ्यांशी झालेले बोलणे पानाच्या दहा रूपांपेक्षा जास्त शिकवून जाते.

वचनाचा प्रश्न

येथवर कौशल्याचा भाग झाला. परंतु ही सारी अंगे बिनचूक असूनही पान वाईट असू शकते, आणि ते आपल्याच देशात घडले आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये नॉयडाच्या 'रिंगिंग बेल्स' या कंपनीने 'फ्रीडम २५१' नावाचा स्मार्टफोन केवळ २५१ रुपयांत देण्याची घोषणा केली. कौशल्याच्या दृष्टीने पाहिले तर मथळ्याला एक आकडा पुरेसा होता. बटन एक, मुदत स्पष्ट. १८ फेब्रुवारीस नोंदणी उघडताच एवढी झुंबड उडाली की पान कोलमडले आणि नोंदणी थांबवावी लागली. दाखविलेल्या नमुन्यांवर दुसऱ्याच एका कंपनीचे नाव पांढऱ्या रंगाने झाकलेले आढळल्याचे वृत्तपत्रांनी छापले. घेतलेली रक्कम परत करीत असल्याचे कंपनीस जाहीर करावे लागले, आणि पुढल्या वर्षी एका वितरकाच्या तक्रारीवरून कंपनीच्या संचालकास अटक झाली. या किमतीत फोन होऊ शकतो काय, हा प्रश्न पानाने लोकांना विचारला. तो कंपनीने आधी स्वतःला विचारावयास हवा होता.

याउलट 'पेबल' या मनगटी घड्याळाची हकीकत पाहा. २०१२ साली ६८,९२९ लोकांनी आगाऊ पैसे भरून त्याच्या निर्मितीस एक कोटी डॉलरांहून अधिक रक्कम दिली. उद्दिष्ट फक्त एक लाख डॉलरांचे होते. सप्टेंबर २०१२ चा वायदा चुकला आणि घड्याळे रवाना होऊ लागली ती जानेवारी २०१३ मध्ये. परंतु मधल्या काळात काम कोठवर आले आहे हे कंपनी पैसे भरणाऱ्यांना वेळोवेळी कळवीत राहिली, आणि घड्याळे पोहोचलीही. विलंब ग्राहक समजून घेतो. मौन तो समजून घेत नाही. म्हणून पानावर तारीख लिहिताना मनातील सर्वांत आशावादी तारीख लिहू नये, आणि ती चुकणार असे दिसताच यादीतील प्रत्येकाला आपण होऊन कळवावे.

याच कारणास्तव 'फक्त तीन जागा शिल्लक', 'दहा मिनिटांत सवलत संपणार' अशा खोट्या घाईपासून दूर राहावे. पान पुन्हा उघडले की घड्याळ पुन्हा दहा मिनिटांवर येते, हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हा केवळ सभ्यतेचा प्रश्न उरलेला नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी ग्राहकाला फसवून निर्णय घ्यावयास लावणाऱ्या तेरा प्रकारांची यादी अधिसूचित केली असून खोटी घाई हा त्यांतील एक प्रकार आहे. जागा खरोखरच मर्यादित असतील, जसे की पहिली यंत्रे शंभरच होणार, तर तसे खुशाल लिहावे. खऱ्या मर्यादेला लाजण्याचे कारण नाही.

गोळा केलेल्या क्रमांकांचेही तसेच. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली केला. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हे त्याचे सूत्र. शेतकऱ्याने यंत्र तयार झाले की कळवा म्हणून क्रमांक दिला. तो खतविक्रेत्याला देण्याचा किंवा रोज सकाळी शुभेच्छा पाठविण्याचा परवाना त्याने दिलेला नाही. नाव काढून टाका असे कोणी म्हटले तर ते काढण्याची सोय पहिल्या दिवसापासून असावी.

शेवटी प्रश्न असा की, इतके करूनही नोंदणी झालीच नाही तर? विद्यार्थी याला अपयश समजतात. आपल्या चौघांचे पान पाचशे शेतकऱ्यांनी वाचले आणि चारच क्रमांक आले असे धरू. त्यांचा खर्च किती झाला? पत्रकांची छपाई, काही संध्याकाळी आणि थोडा अभिमान. शंभर यंत्रे करून ती खोलीत पडून राहिली असती तर झालेले कर्ज फेडावयास किती वर्षे लागली असती, याचा हिशेब त्याशेजारी मांडून पाहावा. मग त्या चार शेतकऱ्यांना फोन करून त्यांनी का नोंद केली ते विचारावे, आणि शक्य झाल्यास बाकीच्यांतील चौघांना गाठून त्यांनी का केली नाही तेही विचारावे. दुसरे पान बहुधा याच उत्तरांतून लिहिले जाते.